जुन्या धाटणीची घड्याळं: हाताने जुळवलेली, दुरुस्त केलेली, आणि नकलेचा प्रश्न

तिसरा काटा (धागाकर्ता)

१९५० ते ७० या काळातल्या महागड्या स्विस घड्याळांचा घाट ज्यांना आवडतो, सुटे भाग आणून जे तो स्वतः जुळवतात, किंवा घरातली बंद पडलेली चावीची घड्याळं उघडून चालती करतात, त्यांच्यासाठी हा धागा काढतोय. पुण्यात ही मंडळी कमी नाहीत. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घड्याळांच्या ढिगाशी उकिडवे बसलेले चेहरे एव्हाना एकमेकांच्या ओळखीचे झालेत, पण बोलणं काही होत नाही.

रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या 'फर्स्ट कॉपी'बद्दल मला काही म्हणायचं नाही. ती विकत घ्यायची, मिरवायची आणि बिघडली की टाकून द्यायची. त्यात हाताला काम नाही आणि डोक्यालाही नाही.

जुळवलेलं घड्याळ म्हणजे काय ते रोलेक्सच्या ५५१३ सबमरीनरवरून सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक त्याच्याच मागे असतात. हे मॉडेल १९६२ पासून १९८९ पर्यंत निघत होतं. ४० मिलिमीटरची स्टीलची केस म्हणजे बाहेरचं कवच, काळी डायल, तिच्याभोवती फिरणारी कडी म्हणजे बेझल, वर फुगीर ॲक्रिलिक काच. तारीख नाही. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या कामाचं घड्याळ, त्यामुळे शोभेसाठी म्हणून त्यावर एक रेघ ओढलेली नाही. तिरकं धरलं की काचेच्या कडेशी तासांचे ठिपके किंचित वाकलेले दिसतात. ही गंमत सपाट सफायर काचेत येत नाही. आज अस्सल ५५१३ ची किंमत लाखांत आहे. घाट तोच हवा, आणि तो आपल्या हातून घडलेला हवा, म्हणून लोक केस, डायल, काटे, काच वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवतात आणि आत आजचं मशीन बसवतात.

मशीन कुठलं, यावर माझं मत पक्कं आहे. सायकोचं एनएच३५ तासाला २१,६०० ठोके देतं, पूर्ण भरलं की साधारण ४१ तास चालतं, हाताने चावीही भरता येते. स्विस ईटीए २८२४ जास्त पातळ आणि नीट लावलं तर जास्त अचूक, पण त्याचे ठोके २८,८००. आता ५५१३ मधलं मूळ १५२० मशीन चालायचं १९,८०० वर, म्हणजे सेकंदाला साडेपाच ठोके. एनएच३५ चे सहा, ईटीएचे आठ. सेकंदकाट्याची चाल ज्याने निरखून पाहिलीय त्याला हा फरक लांबून कळतो. जुन्या घड्याळाचा काटा सरकताना बारीक अडखळतो आणि ते अडखळणंच मला हवं असतं. तेव्हा इथे सायकोचं स्वस्त मशीन जास्त खरं. फक्त तारीख नसलेल्या डायलखाली एनएच३५ घालू नका. चावी ओढताना मध्ये एक रिकामा टप्पा लागतो आणि डायलखाली तारखेची चकती उगाच फिरत राहते. त्याच घराण्यातलं एनएच३८ घ्या, त्यात तारीखच नाही.

मापं बघूनच माल मागवा. एनएचच्या काट्यांची भोकं तासाला १.५०, मिनिटाला ०.९० आणि सेकंदाला ०.२० मिलिमीटर. ईटीए २८२४ ची पहिली दोन तीच, पण सेकंदकाट्याचं ०.२५. या पाच शतांश मिलिमीटरमुळे काटा बसल्यासारखा वाटतो आणि दोन दिवसांनी काचेखाली सुटा लोळताना सापडतो. तसंच डायलच्या पाठीचे पाय, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या बारीक पिना. काही केसमध्ये चावी तीनच्या जागी असते, काहींत चारच्या जवळ, आणि त्याप्रमाणे पायांची जागा बदलते.

काटे बसवणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे. तारखेचं मशीन असेल तर आधी चावी फिरवून तारीख ज्या क्षणी उडते तिथे थांबायचं, कारण ते रात्रीचे बारा. डायलवर पातळ प्लास्टिक ठेवायचं, ओरखडा नको म्हणून. तासकाटा बारावर, मग मिनिटकाटा बरोबर त्याच्या डोक्यावर. आता घड्याळ डोळ्यांच्या उंचीला धरून दहापट भिंगातून आडवं बघा. डायल आणि तासकाटा यांच्यामध्ये उजेडाची एक फट दिसली पाहिजे, तासकाटा आणि मिनिटकाटा यांच्यामध्ये दुसरी. मग चावीने पूर्ण बारा तास फिरवायचे आणि प्रत्येक भेटीच्या वेळी ती फट तशीच आहे ना ते पाहायचं. सेकंदकाटा शेवटी. ज्या पिनेवर तो बसतो ती माणसाच्या केसाच्या दोन-तीन पट जाड, त्याहून जास्त नाही. काट्याची नळी पिनेच्या तोंडावर सरळ टेकली की बोटाला एक मऊ 'हो' लागतो, तेव्हाच दाबायचं. तो लागला नाही तर दाबायचं नाही. काटा उचलून परत टेकवायचा, कितीही वेळा.

डायलवर कोणाचं नाव असावं, यावर भांडण होणार हे मला माहीत आहे. माझ्या टेबलावरून उठणाऱ्या घड्याळांवर नाव नसतं. बाकीच्यांनी लिहावं.

नारायण पेठ

फार दिवसांपासून अशा धाग्याची वाट बघत होतो. माझ्याकडे हत्यारं नाहीत, अनुभव नाही, फक्त हौस आहे. थेट ५५१३ सारखं डायव्हर घड्याळ जुळवायला घ्यावं, की आधी काही उघडून बघावं? हत्यारं पुण्यात मिळतात का, की सगळं बाहेरून मागवायचं?

जुना गडी

नारायण पेठ, आधी एचएमटी उघडा. मी नोकरीत असताना इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीच्या विभागात होतो, तेव्हापासून ही घड्याळं हाताखालून गेली आहेत. शिकायला यासारखं मशीन नाही.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळुरात १९६१ मध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली. त्या रचनेतून आलेलं ०२३१ हे १७ ज्वेलचं (चक्रांचे आस ज्यांत फिरतात ते खडे) चावीचं मशीन जनता, पायलट अशा कितीतरी मॉडेलांत आहे. ठोके १८,०००. भाग जाडजूड, स्क्रू मोठे, मांडणी सरळ. जुन्या स्विस मशीनमध्ये पुलाखाली, म्हणजे चक्रं धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, काय दडलंय याचा पत्ता लागत नाही. इथे झाकण काढलं की सगळं कुटुंब ओळीत बसलेलं दिसतं. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, पण घड्याळं इतकी निघाली होती की सुटे भाग अजून मिळतात. जुन्या बाजारात बंद पडलेली दोन-तीन घ्या, त्यातून एक चालतं होईल आणि उरलेली शिकण्यात जातील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

हत्यारांचं म्हणाल तर स्क्रूड्रायव्हर आणि चिमटे यांवर पैसे वाचवू नका. मऊ टोकाचा चिमटा ज्वेल उडवतो. मशीन धरायचा होल्डर, धूळ बसू नये म्हणून काचेची घंटी, डोळ्याला लावायचं भिंग. बोहरी आळीत हिंडलात तर पिन-व्हाइस, बारीक कानस, पितळी ब्रश हे सगळं मिळतं. खास घड्याळाची हत्यारं लक्ष्मी रोडच्या आसपासच्या घड्याळजींना विचारा, माल कुठून आणतात ते सांगतात. दुपारी एक ते चार मात्र विचारू नका.

उघडल्यावर पहिलं काम कुठलं, तर चावीने भरते ती मेनस्प्रिंग उतरवणं. चावी दोन बोटांत घट्ट धरायची, चिमट्याने क्लिक (स्प्रिंग अडवून धरणारी खिट्टी) बाजूला करायची आणि चावी हळूहळू बोटांतून उलटी सोडायची. स्प्रिंग भरलेली असताना पॅलेट (चक्रांना टिकटिकीगणिक अडवणारा काटेरी तुकडा) काढलं तर सगळी चक्रं भर्रकन सुटतात आणि एखाद्या चाकाचा दात किंवा पिव्हट, म्हणजे आसाचं बारीक टोक, जातो. हे एक पथ्य पाळलंत तर बाकीच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या असतात.

दुसरं पथ्य साफसफाईचं. आपल्याकडे घड्याळजी व्हाइट पेट्रोल वापरतात, ते बरोबर आहे. पण स्पिरिटमध्ये पॅलेट टाकू नका. पॅलेटचे दोन खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बॅलन्सवरचा, म्हणजे झुलणाऱ्या चाकावरचा, रोलर ज्वेल हा खडाही तसाच.

नारायण पेठ

काका, खूप आभार. अजून एक. तेल कुठलं आणि कुठे कुठे? व्हिडिओ बघून गोंधळ वाढलाय.

तिसरा काटा (धागाकर्ता)

जलद फिरणाऱ्या पिव्हटना पातळ तेल, मीबियस कंपनीचं ९०१० चालतं. मेन बॅरल (मेनस्प्रिंगचा डबा), सेंटर व्हील (मधलं चाक) अशा सावकाश आणि जोर घेणाऱ्या भागांना दाट तेल. चावीच्या यंत्रणेला, जिथे धातूवर धातू घासतो तिथे ग्रीस. पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला मीबियसचंच ९४१५. आणि पॅलेटच्या स्वतःच्या पिव्हटना काहीही नाही, अगदी कोरडं ठेवायचं. तेलाचा थेंब ज्वेलच्या खळग्यात अर्ध्याहून थोडा जास्त भरावा, बाहेर ओघळू नये. ओघळलं की ते तिथे राहत नाही, प्लेटवर पसरतं आणि पिव्हट कोरडा पडतो. जास्त तेल घातलेलं घड्याळ न घातलेल्यापेक्षा लवकर आजारी पडतं.

रातराणी

वाचतेय आणि खूप शिकायला मिळतंय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आजोबांचं वेस्ट एंड कंपनीचं सोवार प्राइमा घड्याळ घरात सापडलं. आकड्यांवर आणि काट्यांवर मातकट पिवळा थर आहे. आई म्हणते, पूर्वी ते रात्री हिरवं चमकायचं, आता अजिबात चमकत नाही. काही ठिकाणी थर भुरभुरीत झालाय. तो खरवडून नवीन चमकणारा रंग भरावा असा विचार आहे. ऑनलाइन किट मिळतं. सोपं असतं का हे?

रसायनवाला

रातराणी ताई, कृपया थांबा. खरवडू नका. काच उघडूच नका.

१९६० च्या सुमारापर्यंत घड्याळांच्या चमकत्या रंगात रेडियम असायचं. त्यात झिंक सल्फाइड मिसळलेलं असे. रेडियममधून निघणारे कण झिंक सल्फाइडवर आदळले की ते चमकायचं. काही दशकांत ते झिंक सल्फाइड थकतं, म्हणून आज उजेड दिसत नाही. रेडियम मात्र तिथेच आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं, म्हणजे आजोबांच्या काळातलं जवळजवळ सगळं अजून शिल्लक आहे. 'चमकत नाही म्हणजे संपलं' हा समज या छंदात सगळ्यात धोक्याचा.

घड्याळ बंद केसमध्ये असताना नुसतं कपाटात ठेवलं तर घाबरण्यासारखं फार काही नाही, फक्त उशाशी किंवा कोंदट खणात ठेवू नका, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघतो. खरा धोका धुळीचा आहे. खरवडलेली पूड नाकातोंडातून आत गेली की शरीर तिला कॅल्शियमसारखं वागवतं आणि ती हाडांत जाऊन बसते. अमेरिकेत १९२० च्या आसपास घड्याळांच्या डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं कुजली, अनेक जणी गेल्या. जे पोटात गेलं ते याच रंगातलं रेडियम होतं.

डायलवर खालच्या कडेला 'टी' अक्षर असेल तर त्यात ट्रिटियम आहे. ते नंतरच्या काळातलं, अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातल्या घड्याळांत आता फारच थोडं उरलंय. ते रेडियमच्या मानाने कितीतरी सौम्य. १९९० नंतर ल्युमिनोव्हा नावाचा जो चमकता रंग आला त्यात किरणोत्सर्ग नाहीच, उजेड पिऊन तो परत देतं. जुळवलेल्या घड्याळात तेच भरतात.

सोवार प्राइमा चालतं करायचं असेल तर घड्याळजींकडे देताना 'डायलवर रेडियम असू शकतं' हे स्पष्ट सांगा. बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

रातराणी

बापरे. सांगितलंत ते फार बरं झालं, किट मागवायच्या बेतात होते. आजोबांचं घड्याळ जसं आहे तसंच राहू दे. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलंय.

फिरकी

धागाकर्ते, नावाच्या मुद्द्यावर मी उलट बाजूने लिहितो. मी ५५१३ जुळवलंय आणि डायलवर रोलेक्सचा मुकुट आणि नाव दोन्ही आहे. घड्याळ माझ्यासाठी आहे, विकणार नाही, कोणाला 'अस्सल आहे' असं सांगत नाही. त्या डायलची रचनाच नावासकट आहे. वर मुकुट, खाली दोन ओळी, मग मधला रिकामा काळा भाग. नाव काढलं की डायल उघडी पडते, तोल जातो. एखादा माणूस जुन्या चित्राची नक्कल करताना सही सोडून बाकी सगळं काढतो का? डायलवरची अक्षरं किती जाड, कुठल्या वर्षी कुठली धाटणी, मुकुटाची टोकं कशी, हे सगळं शोधण्यातच माझे महिने गेलेत. तो अभ्यास खोटा नाही. आणि अस्सल घेण्याची ऐपत माझ्या पुढच्या पिढीचीही नसेल.

जुना गडी

फिरकी, तुमची मेहनत खरी आहे आणि तुम्ही फसवणार नाही हेही मी मानतो. पण घड्याळ तुमच्यापेक्षा जास्त जगतं. तुमच्यानंतर ते खणात सापडेल तेव्हा ते खोटं आहे हे कोण सांगणार? मुलगा प्रामाणिकपणे विकेल, घेणारा प्रामाणिकपणे घेईल, आणि तरी कोणीतरी फसलेलं असेल.

हे घडतंच आहे. जुन्या स्विस आणि एचएमटी घड्याळांच्या डायली इथेच पुन्हा रंगवून विकल्या जातात, आणि जगभरचे संग्राहक अशा मालाला 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. डायलवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं आणि आत चावीचं मशीन, असं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं आहे. ते आणणाऱ्या मुलाने पहिल्या पगारातून घेतलं होतं. विकणाऱ्याचं नाव मी इथे घेणार नाही, पण त्या मुलाचा चेहरा मला आठवतो.

तिसरा काटा (धागाकर्ता)

फिरकी, तोलाचा मुद्दा मला पटतो. नाव काढलं की डायल उघडी पडते हे खरं आहे. मी तिथे दुसरं काहीतरी आणतो. पाण्याची खोली मीटरमध्ये, किंवा जुळवल्याचं वर्ष, त्याच मापाच्या अक्षरांत. तोल राहतो.

पण चित्राच्या सहीची तुलना मला चालत नाही, कारण घड्याळात किंमत नेमकी डायलवरच असते. रोलेक्सचं डेटोना ६२३९ घ्या. तीच केस, तेच व्हॅल्जू या स्विस घराण्याचं मशीन, पण डायल साधी की 'पॉल न्यूमन' म्हणतात त्या धाटणीची, यावर किंमत कुठल्या कुठे जाते. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांचं स्वतःचं घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्यामुळे साध्या घड्याळात तशी डायल घालून विकण्याचे उद्योग फार आधीपासून चालतात. एका पातळ पितळी चकतीवर एवढा पैसा असतो तेव्हा त्या चकतीवर आपण काय छापतो ही खाजगी बाब राहत नाही.

एवढं तरी कराच: मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला 'जुळवलेलं', मशीनचं नाव आणि वर्ष सुईने कोरून ठेवा. घड्याळजी दुरुस्तीच्या तारखा तिथेच कोरत आलेत. जो कोणी उघडेल त्याला सत्य कळेल.

कलम

कायद्याचं थोडक्यात सांगते, वकिली करते म्हणून. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ मध्ये खोटं व्यापारचिन्ह लावण्याबद्दल आणि १०४ मध्ये तसा माल विकण्याबद्दल किंवा विक्रीसाठी बाळगण्याबद्दल शिक्षा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. 'मी ग्राहकाला आधीच सांगितलं होतं की नक्कल आहे' हा बचाव समजून दोन-चार घड्याळं मित्रांना विकणारे हौशी लोक मी पाहिलेत. चिन्हाचा मालक तो ग्राहक नसतो, त्यामुळे ग्राहकाला सांगून भागत नाही. नुसता घाट जुन्या घड्याळासारखा आणि डायलवर स्वतःचं किंवा कोणतंच नाव नाही, ही सगळ्यात सुरक्षित वाट.

फिरकी

कलम ताई, धन्यवाद. विक्रीचा विचार नव्हताच, तरी बरं झालं. जुना गडी काका, 'खणात सापडेल तेव्हा' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. झाकणात आजच कोरतो. डायलचं मात्र माझं अजून ठरत नाही. ती मी करून घेतली, अक्षर अन् अक्षर तपासलं. पुढचं घड्याळ बिननावाचं करून बघेन, तोलाचं काय होतं ते तेव्हा कळेल.

दुसरी शंका: अस्सल जुनी केस, अस्सल मशीन, पण डायल आणि काटे नंतरचे, याला काय म्हणायचं?

जुना गडी

संग्राहक त्याला फ्रँकन म्हणतात आणि नाक मुरडतात. मी मुरडत नाही. माझ्याकडचं फेवर-लुबा सी किंग तसंच आहे, चावी दुसऱ्याची, काच तिसऱ्याची. पन्नास वर्षं हातावर राहिलेल्या घड्याळाचे भाग बदलणारच. सांगून विकलं तर त्यात काही गैर नाही.

कोथरूडची पावसाळी

माझं जुळवलेलं घड्याळ, फुगीर ॲक्रिलिक काचेचं. जूनमध्ये सिंहगडावर भिजले आणि काचेच्या आत धुकं धरलं. केसवर २०० मीटर लिहिलंय! तांदळात ठेवलं तर चालेल का?

तिसरा काटा (धागाकर्ता)

तांदळात नको, भुसा आणि पीठ आत जाईल. आजच मागचं झाकण उघडा किंवा कोणाकडून उघडून घ्या. बंद केसमधली वाफ कुठेही जात नाही, ती चावीच्या दांड्यावर आणि स्प्रिंगवर बसते आणि पुण्याच्या जुलैत दोन दिवसांत तांबडा गंज दिसू लागतो. मशीन केसमधून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा. गंज दिसला तर सगळं सोडवून साफ करावं लागेल.

केसवरच्या २०० मीटरवर विसंबू नका. ते मूळ घड्याळाचं माप. आपण हाताने काच बसवली, झाकण आवळलं, पण दाबाची चाचणी केलेली नसते. झाकणाची आणि चावीची रबरी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवा, दर एक-दोन वर्षांनी बदला. आणि तरीही पावसात खिशात.

स्पीकर

माझं एनएच३५ जुळवल्यावर दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जायचं, ते ठीक होतं. गेल्या आठवड्यापासून अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जातंय. पडलं नाही, भिजलं नाही. रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करायची दांडी) मागे सरकवू का?

जुना गडी

रेग्युलेटरला हात लावू नका. रात्री घड्याळ कुठे ठेवता? नावावरून अंदाज आलाच. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, फ्रीजचं दार, सगळीकडे चुंबक आहे. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावायला लागतं. होकायंत्र शेजारी धरा, सुई हलली की खात्री. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरचा छोटा निळा डबा काही शे रुपयांत मिळतो. बटण दाबून घड्याळ वर धरायचं, बटण दाबलेलंच ठेवून हळूहळू हातभर लांब न्यायचं, मग सोडायचं. जवळ असताना बटण सोडलंत तर परत चुंबक व्हायचं.

स्पीकर

काका, झालं! घड्याळ खरोखर स्पीकरवरच ठेवायचो. डबा मित्राकडून आणला, दोनदा केलं, आता परत दहा सेकंदांवर आलंय.

नारायण पेठ

मंडळी, जनता उघडलं, धुतलं, तेल दिलं, जुळवलं आणि चालतंय! दोन बंद जनतांमधून एक. बॅलन्स परत ठेवताना रोलर ज्वेल पॅलेटच्या बेचक्यात जात नव्हता, मग जुना गडी काकांना निरोप पाठवून विचारलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पूल नुसता टेकवला, मशीन हलकेच फिरवलं, आणि बॅलन्स स्वतःच झुलायला लागला. मी स्क्रू आवळलाही नव्हता.

मित्राच्या टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं. डायल वर: दिवसाला १२ सेकंद पुढे, ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २५५ अंश, बीट एरर (टिक आणि टॉक यांतला असमतोल) १.४ मिलिसेकंद. चावी खाली: १८ मागे, ॲम्प्लिट्यूड २२०. सगळीकडे वाचतो की २७० च्या वर हवं आणि बीट एरर अर्ध्याच्या आत. आता काय करू?

जुना गडी

अभिनंदन! पहिल्याच जनताला २५५ म्हणजे हात चांगला आहे. २७० ते ३०० हे आकडे नव्या किंवा नुकत्याच नवी स्प्रिंग घातलेल्या मशीनचे. तुमच्यातली मेनस्प्रिंग जुनी आहे, ती थकलीय. नवी मिळाली तर बदला, पंधरा-वीस अंश सहज वाढतील. चावी खाली धरल्यावर ॲम्प्लिट्यूड उतरतोच, पिव्हटच्या बाजू घासतात.

बीट एररच्या मागे लागू नका. आजच्या मशीनमध्ये ती एका छोट्या दांडीने सरकवता येते. जुन्यात बहुतेकदा बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगची कॉलेट (तिला आसावर धरणारी कडी) फिरवावी लागते, त्यात नवशिक्याच्या हातून स्प्रिंग वाकते. १.४ ने घड्याळाचं काही बिघडत नाही, हलवल्यावर लगेच सुरू होतं ना? मग राहू द्या. आठवडाभर हातात घाला, रोज सकाळी एकाच वेळी चावी भरा, फरक लिहून ठेवा आणि मग इथे टाका.

नारायण पेठ

हो, हलवायचीही गरज पडत नाही, चावीचे दोन वेढे दिले की सुरू. आकडे पुढच्या रविवारी टाकतो. आणि उरलेल्या जनताची मेनस्प्रिंग या जनतापेक्षा बरी दिसतेय. बॅरल उघडून तीच घालून बघू का, की नवीच शोधू?

तिसरा काटा (धागाकर्ता)

नवीच शोधा. बॅरलमधून काढलेली जुनी स्प्रिंग सपाट टेबलावर ठेवून बघा. 'एस'सारखी उलटी वळली तर अजून जीव आहे, नुसता गोल वेटोळा राहिला तर ती गेलीय. मापं काढताना रुंदी, जाडी आणि लांबी तिन्ही लिहून घ्या, दुकानात तेच विचारतात.